ढग भरून आले की पोट दुखतं: पालकांचे प्रश्न

प्रश्न (अंबाझरी लेआऊट, नागपूर): २३ सप्टेंबर २०२३ ला अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो होऊन पहाटे घरात पाणी शिरलं, तेव्हा मुलगी सहा वर्षांची होती. आता ढग भरून आले की पोट दुखून राहिलं म्हणते. सोनोग्राफी, रक्त सगळं नॉर्मल. नाटक करते का?

उत्तर: नाही हो ताई, नाटक नाही, तिचं पोट खरंच दुखतं. जीव घाबरला की अॅड्रेनलिन हे हार्मोन वाढतं, छाती धडधडते, आतड्यांचं काम बिघडतं, त्या पहाटे हे व्हायलाच हवं होतं, पण काही मुलांमध्ये नंतर नुसत्या गडगडाटानेही शरीर तसंच वागतं आणि एवढ्या लहान मुलाला भीती वाटते हे सांगता येत नाही, ते पोटावर हात ठेवतं. म्हणून 'रिपोर्ट नॉर्मल आहेत, काही झालं नाही तुला' हे कृपा करून म्हणू नका. दुखतंय हे मान्य करा, जवळ बसा, पण शाळा बुडवू देऊ नका. कधी दुखतं ते डायरीत लिहा, डॉक्टरांना त्याचा फार उपयोग होतो. वजन घटणं, ताप, शौचातून रक्त, झोपेतून दुखून उठणं, यातलं काही असेल तर मात्र परत तपासा.

प्रश्न: मुलगा १३ वर्षांचा आहे. पुरात अडकला होता, तेव्हापासून रोज डोकं दुखतं, दचकून उठतो, नाग नदीच्या पुलावरून जायला नाही म्हणतो. अजून वाट पाहू का?

उत्तर: नका पाहू. पहिले काही आठवडे असं बऱ्याच मुलांना होतं आणि आपोआप निवळतं, पण महिना उलटूनही वाईट स्वप्नं, टाळाटाळ, दचकणं चालूच असेल तर पीटीएसडी (मोठ्या धक्क्यानंतर मनात राहून जाणारा त्रास) आहे का ते मानसोपचारतज्ज्ञांकडून बघून घ्यायलाच हवं. यावर ट्रॉमा-फोकस्ड सीबीटी नावाची बोलून करायची थेरपी आहे, मुलांमध्ये चांगली चालते. रोज पेनकिलर देत असाल तर त्यानेच डोकेदुखी वाढू शकते हेही डॉक्टरांना सांगा, आणि झोपेची गोळी मनाने अजिबात नको. कुठून सुरुवात करायची कळत नसेल तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा, फुकट आहे, चोवीस तास, मराठीतही बोलतात.

प्रश्न: आम्ही घरात पुराचा विषयच काढत नाही. बरोबर ना?

उत्तर: खोदून विचारू नका, पण मुलाने स्वतः विषय काढला तर 'जाऊ दे, विसर' म्हणून तोडूही नका, पूर्ण ऐका. मोबाईलवर पुराचे व्हिडिओ त्याच्यासमोर लावू नका. आणि पावसाळ्याआधी कागदपत्रं, टॉर्च, औषधं एका बॅगेत भरायचं काम त्यालाच सोबत घेऊन करा.