वाट चुकल्यावर अनोळखी माणसांवर किती विसंबावे?

डोंगरात वाट चुकल्यास भेटेल त्या माणसावर विश्वास ठेवावा का, आणि त्याने मदत केली तर त्याला पैसे देऊ करावेत का, असे आपण विचारले आहे. विश्वास ठेवावा, असे माझे मत आहे. मात्र मदत मागण्याचीही एक रीत असते आणि ती न पाळल्यास चांगला माणूसही आपल्याला चुकीच्या वाटेला लावू शकतो. पैशांचे शेवटी सांगतो.

मी नागपूरचा. आमच्याकडे सह्याद्रीसारखे गड शहराच्या उंबरठ्यावर नाहीत. रामटेकची टेकडी चढून समाधान न होणारे लोक छिंदवाड्यामार्गे पचमढी गाठतात, आणि त्यांतील बहुतेकांची पहिली खरी डोंगरवाट म्हणजे नागद्वारची, म्हणजे पचमढीच्या डोंगरातील गुहांमधल्या देवस्थानांची, यात्रा. ही वाट सातपुडा व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत असल्यामुळे नागपंचमीपर्यंतचे सुमारे दहा दिवस सोडल्यास ती बंद असते. म्हणजे तिथे जायचे ते ऐन पावसाळ्यात. सुमारे 1,350 मीटर उंचीच्या धूपगडाच्या बाजूने उतरताना पायाखाली चिखल, निसरडे दगड, मधूनमधून लोखंडी शिड्या, आणि क्षणात दरी भरून टाकणारे ढग. यात्रेकरूंमध्ये विदर्भातील माणसे पुष्कळ असतात, आणि नागपूर व आसपासची मंडळे ताडपत्र्या ठोकून त्यांना विनामूल्य जेवू घालतात.

अशाच एका ढगात आम्ही काही जण आमच्या जथ्यापासून तुटलो. मुख्य वाटेसारखीच रुंद दिसणारी एक फाटा घेतलेली वाट आम्हाला कारवीसारख्या दाट झुडपांत घेऊन गेली आणि तिथे संपली. समोरचा माणूस दिसत नव्हता, तेव्हा आम्ही जागच्या जागी उभे राहून ‘हर हर महादेव’ अशी आरोळी देऊ लागलो. यात्रेत ही आरोळी सतत चालू असते, म्हणून ती ऐकून कोणी धावून येईल अशी फारशी आशा नव्हती. पण चुकीच्या दिशेने येणारी आरोळी जुन्या यात्रेकरूंच्या कानाला लगेच खटकते, हे नंतर कळले. दुसऱ्याच एका मंडळातील एक वयस्कर गृहस्थ खालून ओरडले, “भगत, हलू नका, बोलत राहा!” (यात्रेत एकमेकांना ‘भगत’ अशीच हाक मारतात.) आमच्या आवाजाचा माग काढत ते वर आले, आम्हाला आपल्या राहुटीत घेऊन गेले, चहा आणि खिचडी पुढे केली, आणि ध्वनिक्षेपकावरून आमच्या मंडळाचे नाव पुकारायला लावले. आम्ही कोण, कुठल्या वस्तीतले, हे त्यांनी जेवण झाल्यावर विचारले.

या प्रसंगात मला सर्वांत महत्त्वाची वाटलेली गोष्ट अशी की, त्यांनी दिशा सांगितली नाही, सोबत चालून वाटेवर आणून सोडले. ढगात किंवा अंधारात तोंडी सांगितलेली खूण निरुपयोगी ठरते, म्हणून शक्य असेल तिथे “पुढच्या फाट्यापर्यंत येता का?” असे स्पष्ट विचारावे, संकोच बाळगू नये.

आता प्रश्न विचारण्याविषयी. “ही वाट पद्मशेषलाच (यात्रेतील एका देवस्थानालाच) जाते ना?” असे विचारले की ऐकणारा बहुधा “हो” म्हणतो, कारण पाहुण्याला नाही म्हणणे त्याच्या जिवावर येते, किंवा त्याला आपले बोलणे पुरते कळलेले नसते, गोंड आणि कोरकू वस्त्यांच्या भागात आपली भाषा ही त्याची घरची भाषा नसते. त्याऐवजी “पद्मशेषला कोणती वाट जाते?” असे विचारून त्याला हात करून दाखवू द्यावे. अंतर विचारणे तर व्यर्थच, कारण डोक्यावर मोळी घेऊन रोज चढणाऱ्याचे ‘जवळच आहे’ आपला घाम काढते. अंधार पडण्यापूर्वी आम्ही पोचू का, आणि त्या वाटेवरचा नाला आज कोणी ओलांडला का, हे दोन प्रश्न अधिक उपयोगाचे. पावसात काल घोट्याइतका असलेला नाला आज कमरेइतका होतो.

अर्थात यात्रेतील अनुभव इतर दिवसांच्या जंगलाला लावू नये. तिथे हाकेला ओ देणारा माणूस मिळेलच असे नाही. मोहफुले वेचणारे पहाटे जंगलात शिरतात आणि गुराखी दिवस मावळताना गावाकडे वळतात. त्यानंतर पहाटेपर्यंत रान ओस असते, आणि सातपुड्यात अस्वल व बिबट्या दोन्ही आहेत. म्हणून परवानगी असलेल्या वाटेनेच, स्थानिक वाटाड्या घेऊन जावे, निघताना परतीची वेळ घरी सांगून ठेवावी, आणि वाट चुकल्याचे कळताच भटकणे थांबवून रेंज मिळते का ते पाहून 112 हा क्रमांक लावावा.

पैशांबाबत माझे मत ठाम आहे. कामधंदा बाजूला ठेवून कोणी गावातला माणूस अर्धा दिवस आपल्यासोबत चालला असेल, तर त्याची मजुरी बुडालेली असते. ती “मुलांना खाऊ” म्हणून घरातल्या कोणाच्या हाती द्यावी आणि भरपूर द्यावी. मंडळाच्या सेवेकऱ्याला मात्र हातात नोट देऊ नये, त्याला ते अपमानास्पद वाटते. आम्ही त्या मंडळाचा पत्ता विचारून घेतला, आणि यात्रेआधी त्यांचे लोक तांदूळ-डाळ गोळा करतात तेव्हा आमच्या घरातूनही एक कट्टा जातो.