सीपीव्ही प्रकल्पाला हात घालण्याआधी

सीपीव्ही म्हणजे लेन्सने ऊन छोट्या सौर सेलवर एकवटून वीज बनवणं. आधी जागेचा डीएनआय बघा, म्हणजे सूर्यबिंबाकडून थेट येणारं ऊन. जीएचआयवर, म्हणजे सपाट जमिनीवर पडणाऱ्या एकूण उन्हावर, हिशेब मांडू नका. त्यात विखुरलेला प्रकाशही धरलेला असतो आणि फ्रेनेल लेन्स (ऊन एकवटणारी खाचांची पातळ लेन्स) तो सेलवर आणूच शकत नाही. वर्षाला प्रति चौरस मीटर 2000 युनिटच्या खाली डीएनआय असेल तर सरळ साधे पॅनल लावा. कोकणात तर हा विचारच नको. जागेवर पायरहेलिओमीटर, म्हणजे थेट ऊन मोजणारं यंत्र, बसवून वर्षभर मोजणी करा आणि त्याची काच रोज पुसा.

खरी डोकेदुखी ट्रॅकरची, म्हणजे मॉड्यूलला सूर्यामागे फिरवणाऱ्या यंत्रणेची. 500 पट एकवटलेल्या उन्हात मॉड्यूलला साधारण अर्ध्या ते एक अंशाचीच चूक चालते. गिअरमध्ये ढिलाई आली किंवा पाया किंचित कलला, की वारा सुटताच करंट खाली-वर होऊ लागतो. म्हणून नुसत्या खगोली गणितावर ट्रॅकर सोडू नका, सूर्य-सेन्सरची जोड द्या. झोत सरकून सेलशेजारच्या वायरवर पडला तर इन्सुलेशन जळतं. तिथे धातूची ढाल हवीच.

सेलखालच्या सोल्डरमध्ये पोकळी राहिली की उष्णता अडते आणि सेल जातो. पुरवठादाराकडे एक्स-रे तपासणीचा अहवाल आणि आयईसी 62108 (सीपीव्ही मॉड्यूलचं आंतरराष्ट्रीय मानक) प्रमाणपत्र दोन्ही मागा.

सुटे मॉड्यूल सुरुवातीलाच घेऊन ठेवा. दक्षिण आफ्रिकेत टाउसरिव्हिरला 44 मेगावॉटचा प्रकल्प उभारणाऱ्या सोइटेक या फ्रेंच कंपनीने 2015 मध्ये सौर व्यवसायातून बाहेर पडण्याचं जाहीर केलं. अशा वेळी बाजारात तसाच मॉड्यूल शोधून मिळत नाही.