लॅक्रोसपटूचा मंगळवार

‘मुलगा खेळातच करिअर करायचं म्हणतोय. खेळही असा, की त्यात क्रिकेटसारखा पैसा नाही. हो म्हणावं की नाही?’ अमेरिकेत मेरीलँडमधल्या बाल्टिमोरच्या आसपास राहणारे मराठी पालक मला, समुपदेशक म्हणून, हा प्रश्न सतत विचारतात आणि बहुतेक वेळा तो खेळ लॅक्रोस असतो. मेरीलँडने २००४मध्ये लॅक्रोसला राज्याचा अधिकृत सांघिक खेळ म्हणून मान्यता दिली आहे. टोकाला जाळी लावलेल्या काठीने भरीव रबरी चेंडू झेलायचा, पळवायचा, फेकायचा आणि गोलमध्ये मारायचा. इथली पोरं दुसरी-तिसरीपासून ती स्टिक हातात घेऊन फिरतात. आपली पोरं तरी मागे कशी राहतील?

अशाच एका कुटुंबाची हकिगत त्यांच्या संमतीने लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

वडील सॉफ्टवेअरमध्ये, आई औषधांच्या दुकानात फार्मसिस्ट, मुलगा अकरावीत. मुलगा मुंबईत जन्मलेला, चार वर्षांचा असताना इथे आलेला. तो डिफेन्सला खेळायचा, म्हणजे सहा फुटी लांब स्टिक घेऊन समोरच्या आक्रमकाला गोलपासून दूर ठेवायचं. गोल मारणाऱ्यांची नावं छापून येतात, याच्या वाट्याला काळेनिळे पडलेले हात येतात. तरी त्याला तेच आवडायचं.

कॉलेज लॅक्रोसच्या पहिल्या श्रेणीतल्या कोचना अकरावीच्या वर्षातल्या १ सप्टेंबरपासून मुलांशी थेट संपर्क साधता येतो, त्याआधी नाही. त्यामुळे ३१ ऑगस्टच्या रात्री कितीतरी मुलं फोन उशाशी घेऊन जागी असतात. हाही जागा होता. त्याच्या मित्राला बारा वाजून गेल्यावर लगेच फोन आला. याला आला नाही. पुढे लहान कॉलेजांकडून काही ईमेल आल्या, त्या त्याने उघडल्यासुद्धा नाहीत. जेवण खोलीत नेऊ लागला, गणितात घसरला, आणि एका रात्री घरात मोठं भांडण झालं. ‘मला कॉलेजची गरजच नाही. मी थेट प्रो होणार,’ असं तो ओरडला. वडिलांनी स्टिक उचलून गॅरेजमध्ये कुलूपबंद केली. त्यानंतर आईने मला फोन केला.

पहिल्या भेटीत तिघंही आले. वडील म्हणाले, ‘ताई, याला जरा वस्तुस्थिती समजावून सांगा.’ मग त्यांनी हिशेब मांडला. क्लबची फी, दर उन्हाळ्यातल्या स्पर्धा, हॉटेलं, शनिवार-रविवार गाडी चालवण्यात घालवलेली वर्षं. ‘एवढं सगळं केलं ते कशासाठी? चांगल्या कॉलेजात ॲडमिशन मिळावी म्हणून!’

इतका वेळ बुटांकडे बघत बसलेल्या मुलाने मान वर केली. ‘बघा ना. ह्यांना माझा खेळ कधी नकोच होता. खेळामुळे मिळणारं कॉलेज हवं होतं.’

हे गाऱ्हाणं मी आपल्या अनेक घरांमधून ऐकते, आणि ते मला गंभीर वाटतं. मूल आठ वर्षांचं असल्यापासून आपण त्याला खेळायला ढकलतो, कारण अर्जात ते शोभून दिसतं. त्यासाठी पैसा आणि सुट्ट्या ओततो. मग ज्या दिवशी तो खेळ मुलाच्या अंगात खरोखर भिनतो, त्या दिवशी आपण त्याला खूळ म्हणतो. आईवडिलांच्या मायेत खोट नसते, पण मुलाला यातून आपण फसवले गेलो असं वाटतं. वडील उत्तर द्यायला सरसावले होते. मी त्यांना थांबवलं आणि एवढंच म्हटलं की हे वाक्य आज तुमच्याबरोबर घरी जाऊ द्या.

मुलाला मी पुढे एकट्याला भेटत राहिले. त्याच्या डोक्यातला व्यावसायिक खेळाडू बास्केटबॉलपटूच्या साच्यातला होता. मोठा करार, स्वतःचं घर, दिवसभर सराव. त्याला समजावत बसणं मी टाळलं. असल्या विषयात मोठ्यांनी सांगितलेला आकडा मुलांना धमकीसारखा ऐकू येतो. त्याला म्हटलं, ‘तू सत्तावीस वर्षांचा आहेस आणि प्रो आहेस, असं धर. त्या वर्षाचे बारा महिने लिहून आण. कुठल्या महिन्यात कुठे असशील, कोण किती पैसे देईल. ते झालं की एका साध्या आठवड्यातला मंगळवार लिही. सकाळी उठल्यापासून.’

त्याने काम मन लावून केलं. मैदानी लॅक्रोसची मोठी लीग म्हणजे प्रीमियर लॅक्रोस लीग. बाल्टिमोरच्याच जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातून घडलेला पॉल रेबिल आणि त्याचा भाऊ माइक यांनी ती २०१८मध्ये जाहीर केली, पहिला हंगाम २०१९मध्ये झाला. त्याआधीच्या लीगमध्ये खेळाडूला हंगामाचे सरासरी आठेक हजार डॉलर मिळत. नव्या लीगने सरासरी ३५ हजार, आरोग्यविमा आणि लीगमध्ये हिस्सा देऊ केला. सुधारणा मोठीच आहे, पण बाल्टिमोरजवळ स्वतंत्र बिऱ्हाड करायला तेवढ्यात भागत नाही. आठ संघ, साखळीत प्रत्येकाचे दहा सामने, तेही उन्हाळ्यातल्या शनिवार-रविवारी. दरवर्षीच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, चार फेऱ्या, म्हणजे साऱ्या देशातून ३२ मुलं. ‘ती जवळपास सगळी कॉलेजात खेळलेली आहेत,’ असं त्याने स्वतःच सांगितलं, आणि ‘थेट प्रो’ हे शब्द त्याच्या वहीत खोडलेले होते.

हिवाळ्यासाठी दुसरी वाट होती, नॅशनल लॅक्रोस लीगची. ती डिसेंबरपासून वसंतापर्यंत चालते, साखळीत १८ सामने. पण हा बॉक्स लॅक्रोस. आइस हॉकीच्या बंदिस्त रिंगणात बर्फावर कृत्रिम हिरवळ अंथरून खेळायचा, गोलकीपर धरून सहा जण, गोल लहान, आणि धक्काबुक्की अखंड. कॅनडातली मुलं त्यातच वाढतात, त्यामुळे तिथे त्यांचाच वरचष्मा. याने तो कधी खेळलाच नव्हता. शिवाय तिथेही सामने मुख्यतः शनिवार-रविवारी. बरेच खेळाडू आठवडाभर आपापल्या गावी नोकरी करतात आणि सामन्यासाठी विमानाने येतात.

मंगळवारचं पान मात्र कोरं होतं.

ते त्याने पुढच्या भेटीत भरून आणलं. त्याला जॉन टवॅरेस सापडला होता. बफलो बँडिट्स या बॉक्स लॅक्रोसच्या संघाकडून १९९२ ते २०१५ असे चोवीस हंगाम खेळलेला, त्या लीगमध्ये सर्वाधिक गुण नोंदवलेला खेळाडू. हा माणूस खेळत होता त्या काळात टोरोंटोजवळच्या मिसिसागाच्या शाळेत गणित शिकवत होता. पुढे तो त्याच संघाचा मुख्य प्रशिक्षक झाला आणि २०२३पासून सलग तीन विजेतेपदं त्याने संघाला मिळवून दिली. डॅन डॉसन हा तसाच मोठा खेळाडू अग्निशमन दलात होता. ‘म्हणजे सगळ्यात भारी माणूससुद्धा मंगळवारी शाळेत असायचा?’ मुलाने विचारलं. त्याच्या आवाजात कौतुक नव्हतं. तो रडवेला झाला होता.

इथे घाई करू नये. सतरा वर्षांच्या मुलाचं स्वप्न त्याच्या हातात आक्रसत असतं, आणि ते जवळचं माणूस गेल्यासारखंच दुःख असतं. त्याला रडू द्यावं. मी वडिलांना एकच गोष्ट निक्षून सांगितली होती, ‘मी म्हणत नव्हतो का?’ हे वाक्य घरात उच्चारायचं नाही. त्यांनी ते पाळलं. माझ्या मते या सगळ्यात सर्वांत कठीण काम त्यांनीच केलं.

आणि मग वडील एकटे भेटायला आले. आतापर्यंत सगळ्यांना वाटत होतं की त्यांची भीती पैशाची आहे. ती निराळीच निघाली. ते एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर होते, ग्रीन कार्डच्या रांगेत. भारतात जन्मलेल्यांची ही रांग किती लांब आहे हे इथल्या प्रत्येक मराठी घराला ठाऊक आहे. मुलगा त्यांच्या व्हिसाच्या आधाराने इथे राहत होता आणि एकविसाव्या वर्षी तो आधार सुटणार होता. खेळाडूंसाठी वेगळा व्हिसा असतो, अनेक कॅनडियन खेळाडू त्यावर येतात. पण त्यावर ज्या संघाने बोलावलं त्याच्यासाठीच खेळता येतं, बाजूला हवी ती नोकरी करता येत नाही. टवॅरेस आपल्या देशात राहून शिकवत होता. ‘याचा मंगळवार कायद्यानेच रिकामा राहील, ताई. आणि दहा सामन्यांच्या पैशात तो खाणार काय?’ हे त्यांनी मुलाला कधी सांगितलंच नव्हतं. पोराच्या डोक्यावर कशाला ओझं, म्हणून. आईला माहीत होतं, तीही गप्प होती.

मी त्यांना म्हटलं की ओझं त्याच्या डोक्यावर आधीच आहे. फक्त त्याचं नाव त्याला माहीत नाही, म्हणून तो त्याला ‘बाबांना माझा खेळ आवडत नाही’ असं नाव देतोय.

त्यांनी ते माझ्यासमोर त्याला सांगितलं. मुलगा बराच वेळ गप्प राहिला. मग त्याने लॉस एंजलिसच्या ऑलिंपिकचं विचारलं. ऑक्टोबर २०२३मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचं अधिवेशन मुंबईत भरलं होतं आणि तिथे २०२८च्या स्पर्धेसाठी क्रिकेटबरोबर लॅक्रोसलाही मंजुरी मिळाली. आपल्या जन्मगावी हा निर्णय झाला, याचं त्याला केवढं अप्रूप होतं! १९०८नंतर पहिल्यांदाच लॅक्रोसला पदकं मिळणार होती. सहा-सहा जणांचा छोटा प्रकार, पुरुषांचे सहाच संघ. आता त्याच्या लक्षात आलं की भारतीय पासपोर्टवर तो अमेरिकेकडून खेळू शकणार नाही. तेव्हा तो बापाला म्हणाला, ‘ज्यांनी हा खेळ दिला ना बाबा, त्या हॉडेनोशोनी या उत्तर अमेरिकेतल्या मूळनिवासी लोकांनासुद्धा पासपोर्टपायी अडवलं होतं. २०१०मध्ये मँचेस्टरला जागतिक स्पर्धा होती. त्यांच्या स्वतःच्या राष्ट्राचा पासपोर्ट ब्रिटनने मानला नाही. दुसऱ्याच्या पासपोर्टवर जायला ते तयार झाले नाहीत, आणि स्पर्धेला मुकले.’ वडिलांना यातलं काही माहीत नव्हतं. त्यांनी प्रश्न विचारायला सुरुवात केली. त्या खेळाबद्दल वडिलांनी विचारलेला आणि ज्यात कॉलेजचा उल्लेख नव्हता असा तो बहुधा पहिला प्रश्न होता.

आईची काळजी वेगळी होती, डोक्याला लागणाऱ्या माराची. तिच्याशी फार बोलावं लागलं नाही. मेंदूला धक्का बसल्याची शंका आली तर डॉक्टरने लेखी परवानगी दिल्याशिवाय मैदानात उतरायचं नाही, सामना कितीही मोठा असो, असं मुलाने तिच्यापुढे कबूल केलं.

व्हिसाचे प्रश्न मी सोडवत नाही, ते वकिलाचं काम. त्या वकिलाकडे मात्र तिघांनी मिळून जायचं, असा आग्रह मी धरला. स्टिक गॅरेजमधून बाहेर आली. मुलाने सप्टेंबरातल्या त्या ईमेल शोधून उघडल्या. त्यातलं एक कॉलेज तिसऱ्या श्रेणीतलं होतं. त्या श्रेणीत खेळासाठी स्कॉलरशिप देतच नाहीत, म्हणजे वडिलांचा जुना हिशेब कोसळलाच. पण कोचने त्याचे दोन सामने पूर्ण पाहिले होते आणि त्याच्या पायांच्या हालचालीवर नेमकं लिहिलं होतं. तिथे संख्याशास्त्र होतं, आणि त्या विषयाच्या पदवीनंतर विद्यार्थी व्हिसावरच्यांना एकूण तीन वर्षं नोकरीची मुभा मिळू शकते. अभ्यासक्रम त्याने निवडला, नोकरीच्या मुभेचं वडिलांनी शोधून काढलं.

म्हणून ‘हो म्हणावं की नाही’ असं विचारणाऱ्या पालकांना मी आधी विचारते, तुमच्या मुलाने त्याचा मंगळवार लिहिलाय का? आणि तुम्हाला नेमकी कशाची भीती वाटते, हे त्याला माहीत आहे का? ही दोन्ही उत्तरं घरातल्या सगळ्यांसमोर आली, की होकार-नकाराचा निकाल माझ्याकडे मागायची वेळ सहसा येत नाही.

हा मुलगा आता त्या कॉलेजात खेळतो आहे. ड्राफ्टच्या त्या ३२ नावांत आपलं नाव असावं ही इच्छा त्याने सोडलेली नाही, आणि ती त्याने सोडावी असं मलाही वाटत नाही. पुढच्या उन्हाळ्यात कॅनडातल्या ओंटारिओत जाऊन बॉक्स लॅक्रोस शिकायचं त्याच्या मनात आहे. सीमा ओलांडून परत येताना व्हिसाची अडचण येईल का, हे वडील वकिलाला विचारत आहेत.