मोठ्या ताटात जास्त डिग्री असतात का?

प्रश्न: ताई, आम्ही घोडबंदर रोडला राहतो, मुलगी दुसरीत आहे. मॅच बघताना तिने विचारलं की सूर्यकुमारला ३६० डिग्री प्लेअर का म्हणतात, मी म्हटलं गोलात ३६० डिग्री असतात, तर म्हणते मग ताटात जास्त आणि वाटीत कमी असणार ना? आणि ताप येतो तेव्हा पण डिग्रीच असते! मला काही सांगताच येईना. – एक आई, ठाणे

उत्तर: अहो किती छान विचारलंय तिने! आपण 'गोलात असतात' म्हणतो ना, तिथेच घोळ होतो, मुलांना वाटतं डब्यात शेंगदाणे भरावेत तशा डिग्र्या आत भरल्यात. आपण किती वळलो त्याचं माप म्हणजे डिग्री, एवढंच सांगा. तापाची डिग्री वेगळी, नाव फक्त सेम, ते आज सोडून द्या.

हॉलमध्ये चार टाइल्स जिथे मिळतात त्या फुलीवर तिला उभं करा, तोंड किचनकडच्या रेघेवर. जागच्या जागी वळत पुढची रेघ समोर आली की ९०, अजून एक वळली की १८०, म्हणजे आता किचनकडे पाठ, मग २७०, आणि परत किचन दिसलं की ३६०. सूर्या पण असाच, कीपरच्या डोक्यावरून मागेसुद्धा मारतो, मैदानाची एक बाजू सोडत नाही.

आता ताट-वाटी. पेपरवर दोन्ही ठेवून गोल काढा, कापा, दोन्हींची अर्धी घडी, मग परत अर्धी. छोटं टोक मोठ्या टोकावर ठेवायला सांगा, बरोब्बर बसतं! माझ्या भाच्याने तीनदा उलटसुलट करून बघितलं, मग स्वतःच म्हणाला, मावशी, कागद मोठा आहे पण टोक तेवढंच आहे. हे तिलाच बोलू द्या हां, आपण आधी सांगून टाकलं की मजा जाते.

३६०च का हे ती विचारणारच. दोन हजारांहून जास्त वर्षांपूर्वी बॅबिलोनचे लोक ६०-६०च्या हिशोबात मोजायचे, त्यातून हे आलं, आणि ३६०चे २, ३, ४, ५, ६, ८, ९, १० कितीही सारखे वाटे पडतात, १००चे तीन करायला गेलं तर एक उरतोच.

'डी', म्हणजे कंपासपेटीतला कोनमापक, मात्र इतक्यात हातात देऊ नका, त्यावरचे उलटसुलट दोन्हीकडचे आकडे बघून मुलं गोंधळतात. त्याआधी सहाचा पाढा येत असेल तर भिंतीवरचं घड्याळ दाखवा, मिनिट काटा दर मिनिटाला ६ डिग्री वळतो, पाच मिनिटांत किती ते तिला काढू दे.