‘कोलिक’ म्हणजे कोळी नव्हे : प्राचीन इतिहासात एम.ए. करणाऱ्यांची प्रश्नोत्तरे

पदवीचे निकाल लागले की पत्रे येऊ लागतात, आणि दर वर्षी प्रश्न तेच. शुल्क भरण्याआधी विचारले असते तर निम्मे गोंधळ झालेच नसते. सारखी पत्रे एकत्र करून उत्तरे देत आहे.

प्रश्न : माझी पदवी बी.कॉम.ची आहे. प्राचीन भारतीय इतिहास, संस्कृती व पुरातत्त्व या विषयात एम.ए.ला प्रवेश मिळेल का? (लातूर)

बऱ्याच ठिकाणी मिळतो. विद्यापीठाची माहितीपुस्तिका वाचा. या वर्षीची, मागच्या वर्षीची नको.

प्रश्न : नुसत्या ‘इतिहास’ विषयात एम.ए. करावे की ‘प्राचीन इतिहास, संस्कृती व पुरातत्त्व’ घ्यावे? प्राध्यापक व्हायचे आहे. दुसऱ्या पदवीला किंमत नाही असे ऐकले. (अकोला)

ऐकले कोणाकडून, ते तुम्ही लिहिलेले नाही. इतिहासाच्या एम.ए.त प्राचीन काळाच्या वाट्याला एखाद-दोन पेपर येतात. उरलेले मध्ययुग, मराठे आणि आधुनिक काळ. पुण्याचे डेक्कन कॉलेज किंवा नागपूर विद्यापीठाचा विभाग अशा ठिकाणी अभिलेख, नाणी, मूर्ती, उत्खननाची पद्धत हे मुख्य अभ्यासाचे विषय असतात. प्राचीन काळच शिकायचा असेल तर जागा ती.

अडचण नोकरीच्या जाहिरातीत आहे. महाविद्यालयांतील जागा बहुधा ‘इतिहास’ या नावाने निघतात, आणि तुमच्या पदवीचे लांबलचक नाव पाहून छाननीच्या टेबलावर शंका निघू शकते. म्हणून तुमची पदवी ‘संबंधित विषय’ धरली जाते का, हे विद्यापीठाकडून लेखी घ्या. ‘अमक्याला चालले’ हा पुरावा नव्हे. नेट म्हणजे प्राध्यापकपदासाठीची राष्ट्रीय पात्रता परीक्षा; तिचा अर्ज भरतानाही विषय आधी ठरवा : इतिहासाचा संकेतांक ०६, भारतीय संस्कृतीचा ५०, पुरातत्त्वाचा ६७. तिन्ही अभ्यासक्रम समोर ठेवून कोणता आपल्याला जवळचा ते विभागातील शिक्षकांना विचारा. शेवटच्या रात्री अर्ज भरताना मित्राने टिचकी मारली तोच विषय आपला, असे करू नका.

भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे (केंद्राच्या पुरातत्त्व खात्याकडे) वळायचे असल्यास त्यांच्या ग्रेटर नोएडा येथील संस्थेत एम.ए.नंतर दोन वर्षांची पदविका आहे. जागा मोजक्या असतात आणि वयाची अट असते. ती सूचना एम.ए.च्या पहिल्या वर्षीच वाचून ठेवा.

प्रश्न : नाणेघाटातला दगडी रांजण जकातीची नाणी टाकण्यासाठी होता, हे प्रकल्पात लिहिले तर चालेल का? (जुन्नर)

‘अशी लोकसमजूत आहे’ एवढे लिहा. तिथल्या लेण्यातला मोठा शिलालेख यज्ञांचा आणि दक्षिणा म्हणून दिलेल्या गाई, घोडे आणि कार्षापण (त्या काळची नाणी) यांचा आहे, जकातीचा नाही.

प्रश्न : ‘दोन दिवसांत ब्राह्मी लिपितज्ज्ञ’ असा ऑनलाइन वर्ग आहे, शुल्क ४,९९९ रुपये. प्रमाणपत्राचा पीएच.डी.ला उपयोग होईल का? मोडी आधीच येते. (ठाणे)

प्रमाणपत्राचा नाही. मोडीचाही प्राचीन काळासाठी नाही.

अशोककालीन ब्राह्मीची अक्षरे दोन दिवसांत ओळखता येतात, यात खोटे काही नाही. खोटे आहे ते ‘तज्ज्ञ’. अशोकाच्या लेखापासून वाकाटकांच्या ताम्रपटांतल्या पेटिकाशीर्ष, म्हणजे डोक्यावर पेटीसारखा चौकोन असलेल्या, अक्षरांपर्यंत येईतो त्याच लिपीचा चेहरा इतका पालटतो की दोन दिवसांचा तज्ज्ञ दुसऱ्या ओळीत अडकतो. आणि अक्षर लागले तरी शब्द लागला असे होत नाही. सातवाहन राजा यज्ञ सातकर्णीच्या चांदीच्या नाण्यावर ‘रञो गोतमिपुतस सिरि यञ सातकणिस’ असे येते. ‘पुतस’ हे उच्चारात ‘पुत्तस्स’ आहे. जोडाक्षराचे द्वित्व लिहीतच नसत. हे प्राकृत येणाऱ्याला कळते. पैसे भरण्याआधी आपल्या विभागात विचारा. लिपीचा पेपर तिथे आधीच अभ्यासक्रमात असण्याची शक्यता आहे.

प्रश्न : मला संस्कृत किंवा प्राकृत येत नाही. विषय ‘सातवाहन-क्षत्रप काळातील आर्थिक जीवन’. सर्व लेखांचे इंग्रजी आणि मराठी अनुवाद उपलब्ध आहेत. त्यावर प्रबंध करता येईल का? गाइड ‘बघू’ म्हणतात. (नाशिक)

या एका आशयाची पत्रे सर्वांत जास्त येतात, म्हणून सविस्तर लिहितो. तुम्ही नाशिकचे आहात, तर पांडवलेण्यांतलेच उदाहरण घेऊ.

दहाव्या लेण्यात क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. गोवर्धन येथील श्रेणींकडे, म्हणजे कारागिरांच्या संघांकडे, त्याने ३,००० कार्षापण कायम ठेव म्हणून ठेवले. लेखातले शब्द : ‘कोलिकनिकाये २०००, वृधि पडिकशत’ आणि ‘अपर कोलिकनिकाये १०००, वढि पायूनपडिकशत’. मराठी माणूस ‘कोलिक’ वाचतो आणि कोळी समजतो. मग प्रबंधात एक प्रकरण उगवते : ‘प्राचीन नाशिकमधील मच्छीमारांची पतपेढी’. कोलिक म्हणजे विणकर, संस्कृतात कौलिक. तुमच्या भाषेत कोष्टी किंवा साळी म्हणा. अनुवादावरून अनुवाद, त्यावरून गाइडबुक आणि त्यावरून प्रबंध असा प्रवास झाला की मासे आले कुठून हे कोणालाच सांगता येत नाही.

आता त्याच ओळीतला ‘पायून’. पादोन, म्हणजे पाव कमी. हा आपला ‘पाऊण’च. शेकडा पाऊण. एका ओळीत एक शब्द मराठीने उघडतो आणि दुसरा मराठीनेच फसवतो. कोणता कुठला, हे मूळ भाषा आल्याशिवाय कळायचे नाही.

पुढची गंमत व्याजदराची. ‘पडिकशत’ म्हणजे शंभराला एक. वर्षाला की महिन्याला? ते त्या शब्दांत नाही. पण पुढे लेखच सांगतो की २,००० च्या व्याजातून लेण्यात वर्षावास (पावसाळ्याचा मुक्काम) करणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी ‘बारसक’, म्हणजे बारा कार्षापण चीवरासाठी (वस्त्रासाठी) द्यायचे. वीस गुणिले बारा, २४०. दोन हजारांवर महिना शेकडा एक धरले तर महिन्याचे २०, वर्षाचे २४०. हिशेब तंतोतंत जुळतो, म्हणजे दर महिन्याचा. वार्षिक धरला तर २२० कार्षापण कमी पडतात. ‘वार्षिक १ टक्का’ असे बिनदिक्कत लिहिणाऱ्याने पुढची ओळ वाचलेलीच नसते. शिवाय मुद्दल ‘अपडिदातव’ आहे, परत द्यायचे नाही; फक्त ‘वढि’ खायची. तुमच्या विषयाचा, म्हणजे आर्थिक जीवनाचा, गाभा या चार-पाच ओळींत आहे आणि अनुवादात तो दोन वाक्यांत सपाट होऊन जातो.

म्हणून अनुवाद चालतील, पण सर्वांत शेवटी. क्रम असा ठेवा. नाशिकच्या लेण्यांतील लेख ‘एपिग्राफिया इंडिका’च्या आठव्या खंडात ठशांसह, म्हणजे दगडावरून कागदावर घेतलेल्या छापांसह, छापलेले आहेत. त्यातला एकच लहान लेख घ्या. आधी फक्त ठशाचे चित्र पाहून स्वतः अक्षरे उतरवा. खात्री नसलेली कंसात ठेवा. मग छापील वाचनाशी ताडून पाहा आणि फरकांची यादी करा. प्रत्येक प्राकृत शब्दाखाली संस्कृत छाया, म्हणजे त्याचे संस्कृत रूप, लिहा, विभक्ती लिहा. मग स्वतःचा अनुवाद. त्यानंतर दुसऱ्याचा अनुवाद उघडा. प्रत्यक्ष लेण्यात जायचे ते सकाळी किंवा संध्याकाळी, तिरका उजेड असताना. भरदुपारी खोदीव अक्षर भिंतीत विरघळते. अक्षरांत खडू, पीठ, पावडर काही भरू नका. ओल्या कागदाचा ठसा घ्यायचा तर पुरातत्त्व खात्याची लेखी परवानगी आणि सोबत जाणकार माणूस, दोन्ही हवे.

भाषेसाठी वर्षभर लागते. पुण्यात विद्यापीठाचा संस्कृत-प्राकृत भाषा विभाग आहे, पाली विभाग आहे. नाशिकहून जमत नसेल तर जवळच्या महाविद्यालयातल्या संस्कृतच्या शिक्षकांना गाठा. एम.ए.च्या पहिल्या सत्रात सुरुवात केली तर नोंदणीच्या वेळी तुम्ही तयार असता. नोंदणीनंतर सुरुवात केली तर तीन वर्षे प्रबंधाची की व्याकरणाची, हा प्रश्न पडतो. आणि विषय आवळा. ‘आर्थिक जीवन’ हा विषय नसून कपाट आहे. जुन्नरच्या लेखांत धान्यवाल्यांची श्रेणी येते, वसकार म्हणजे बांबूकाम करणारे येतात, कासाकार म्हणजे कासार येतात. नाशिक आणि जुन्नर येथील श्रेणींच्या ठेवी एवढेच घेतले तरी पुरे. गाइड ‘बघू’ म्हणत असतील तर वरच्या क्रमाने केलेला एक लेख त्यांच्यापुढे ठेवा आणि तारीख मागा. दोनदा ‘बघू’ ऐकल्यावर विभागप्रमुखांना भेटा.

प्रश्न : आमच्या गावच्या पांढरीत (जुन्या वस्तीच्या टेकाडात) जेसीबीने माती काढताना रंगीत खापरे आणि मणी निघाले. एम.ए.च्या लघुप्रबंधासाठी मी मित्रांसह छोटा चर खणू का? (बीड)

नाही. परवान्याशिवाय उत्खनन करता येत नाही.

पांढरीची माती खत म्हणून शेतात नेतात, हे जुनेच आहे; वस्तीची राख आणि शेण त्यात असते म्हणून ती कसदार. पण प्रत्येक ट्रॉलीबरोबर एक थर जातो. दायमाबादची कांस्यशिल्पे १९७४ मध्ये शेतकऱ्याला झाडाच्या मुळाशी खणताना मिळाली. थरातून न निघाल्यामुळे त्यांच्या काळावर अजून वाद आहे. तुमचा चर तेच करील, फक्त लहान प्रमाणात.

करायचे ते हे : मोबाईलने जागेचे अक्षांश-रेखांश नोंदवा. उघड्या पडलेल्या कडेचा फोटो शेजारी मोजपट्टी ठेवून घ्या. मणी जागेवरून हलवू नका, खापरे धुऊ नका. तहसीलदार आणि राज्य पुरातत्त्व संचालनालयाला लेखी कळवा, पोच घ्या, हे त्याच आठवड्यात. नाणी किंवा दागिना असेल तर १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक आहे. दहा रुपयांहून अधिक किमतीचे काहीही. लघुप्रबंधासाठी पृष्ठभागाचे सर्वेक्षण करता येईल, तेही मार्गदर्शकाच्या सल्ल्याने आणि जमीनमालकाच्या परवानगीने.

प्रश्न : प्रबंधासाठी सातवाहनांची वीस नाणी ऑनलाइन विकत घेतली. वर्णन कसे लिहू? (सोलापूर)

लिहू नका. कुठे सापडली हे माहीत नसलेल्या नाण्यावर इतिहास उभा राहत नाही. वीसही हारीने मांडून कडा पाहा. ठोकून पाडलेली नाणी एकाच छापाची असली तरी त्यांचा घेर वेगवेगळा येतो. दोन नाण्यांवर तोच खड्डा, तीच चीर, तोच घेर दिसला तर ती साच्यातली नक्कल. नाशिकजवळ अंजनेरीला नाणकशास्त्राची संशोधन संस्था आहे; तिथे दाखवा. पुढच्या खरेदीचे पैसे वाचतील.

प्रश्न : पीएच.डी.पूर्वी दोन शोधनिबंध हवेत म्हणून एका एजंटाने सात दिवसांत ‘यूजीसी केअर’ नियतकालिकात छापून देतो असे सांगितले. (कोल्हापूर)

केअर ही मान्य नियतकालिकांची यादी विद्यापीठ अनुदान आयोगाने (यूजीसीने) २०२५ मध्ये बंद केली, आणि आयोगाच्या २०२२ च्या पीएच.डी. नियमांत प्रबंध सादर करण्यापूर्वी निबंध छापण्याची सक्ती नाही. तुमच्या विद्यापीठाची स्वतःची अट आहे का ते संशोधन कक्षात विचारा. एजंटाला विचारू नका.

प्रश्न : एम.ए. होऊन वर्ष झाले. नेटमध्ये फक्त पीएच.डी. प्रवेशासाठी पात्र ठरलो. विषय पक्का झाला की अर्ज करीन. (जळगाव)

त्या गुणांची मुदत एक वर्ष आहे. निकालपत्रावरची तारीख आज पाहा, उद्या विभागात जा.

प्रश्न : वय ५८. निवृत्तीनंतर एम.ए. करता येईल का? (पणजी)

हो. सहसा वयाची अट नसते. ती कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्तीला आहे. क्षेत्रभेटी मात्र अनिवार्य असतात आणि लेणी डोंगरात असतात. गुडघ्यांबद्दल प्रवेशाआधी डॉक्टरांना विचारा.