बोटीचं सीझनचं काम घरी जमतं का? जमतं, दाजी आसपास नसले तर

पावसाळ्यात बोट बंद ठेवण्याआधी आउटबोर्डचं, म्हणजे बोटीच्या मागे बाहेरून लावलेल्या इंजिनाचं काम घरी करावं की मेकॅनिककडे द्यावं, असं तुम्ही विचारलंय. घरीच करा. माझे वडील यंत्रमागाचे जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारे, त्यामुळे घरात बसल्या बसल्या स्पॅनर ओळखायला शिकलो. दाजींना हे कधी पटलं नाही.

आमची दोघांच्या भागीदारीत २५ एचपीची टू-स्ट्रोक बोट आहे. हिवाळ्यात फ्लेमिंगो आले की उजनीच्या बॅकवॉटरला, पाऊस लागायच्या आत सोलापुरात आमच्या अंगणात. एका वर्षी गिअर ऑइल मीच बदललं. पुढच्या वर्षी खालचा स्क्रू ढिला केला तर आधी चमचाभर पाणी पडलं, मागून चहात दूध जास्त झाल्यासारखं पांढरट तेल, म्हणजे गिअरमध्ये पाणी शिरलेलं. दाजी अंगणातच खुर्ची टाकून बसलेले. "तू हात लावलास तेव्हाच म्हटलं होतं," हे त्यांनी ताईसमोर, भाच्यांसमोर, शेजाऱ्यांसमोरही ऐकवलं.

मग त्यांच्या हट्टापायी पुण्याच्या एका मेकॅनिककडे पाठवली. भलंमोठं बिल, चकचकीत पुसलेलं इंजिन, नवं तेल. पुढच्या सीझनला तेल पुन्हा पांढरं!

त्या दिवशी प्लगच्या वायरी काढल्या, पंखा (प्रोपेलर) उतरवला. मागे शाफ्टला तंगूस, म्हणजे मासेमारीचा नायलॉन दोरा, गुंडाळलेला. उजनीत जाळी काय कमी आहेत? गरम होऊन त्याचं कडंच झालं होतं, नखाने निघेना, ब्लेडने कापून काढला. आत पाणी अडवणाऱ्या सीलची कड खाल्लेली. सील दोन-अडीचशेचं. ज्याने बिल लावलं त्याने पंखा उतरवलाच नव्हता, एवढंच मला म्हणायचंय. ते कडं मी डबीत घालून शोकेसमध्ये ठेवलंय. दाजी चहाला आले की डबी समोर असते. ते म्हणतात, "पहिल्या वर्षी हा तंगूस नसेल."

तर तुमचं काम. पंखा दर वर्षी उतरवाच. गिअर ऑइल खालच्या भोकातून पंपाने भरा, वरच्या भोकातून बाहेर येईपर्यंत. वरून ओतलं तर हवा अडकते. मग आधी वरचा स्क्रू लावा, नंतर पंप काढून पटकन खालचा. कार्बोरेटरची वाटी रिकामी करा. हल्लीच्या पेट्रोलातलं इथेनॉल ओलावा ओढतं आणि चार महिन्यांत वाटीच्या तळाला पाणी साचू शकतं. इंजिन थंड ठेवणारं पाणी खेचणाऱ्या वॉटर पंपाचा रबरी इंपेलर (पाकळ्यांचं चाक) उजनीच्या गाळाने झिजतो, पाकळ्या एका बाजूला वाकून राहिल्या असतील तर बदला. इंजिन पाण्याच्या ड्रममध्येच सुरू करा, कोरडं नको. अर्ध्या मिनिटात इंपेलर जळतो.

फोर-स्ट्रोक असेल तर इंजिन ऑइल आणि फिल्टरही. वॉरंटीत असेल तर हात लावू नका, हे आधी सांगायला हवं होतं. सील काढायला मलाही लेथवाल्याकडून पुलर करून घ्यावा लागला, तेव्हा तिथे अडलात तर लाजू नका.

आणि ऑइलच्या दोन्ही स्क्रूंचे वॉशर दर वेळी नवे घाला. मी पहिल्या वर्षी जुनेच घातले होते. दाजींना हे माहीत नाही.