बटण दाबतो, पण संगणक ढिम्म हलत नाही

चतुर्थीच्या सुट्टीत घरी बसून संगणक जोडणाऱ्यांची पत्रे या खेपेला बरीच आली, आणि सगळ्यांची तक्रार जवळपास एकच: सुटे भाग कोरे करकरीत, जोडणी व्हिडिओ पाहून नीट केलेली, पण यंत्र सुरू होत नाही. त्यांतली सहा पत्रे इथे घेतली आहेत. नावे गाळून गावे तेवढी ठेवली आहेत.

प्रश्न (फोंडा): रायझन ५ ५६००, बी५५० मदरबोर्ड, ८ जीबीच्या दोन रॅम आणि ५५० वॅटचा एसएमपीएस (संगणकाला वीज पुरवणारा डबा) असा संगणक जोडला. बटण दाबले तर पंखा फिरत नाही, दिवाही लागत नाही. मदरबोर्ड गेला असे मित्राचे म्हणणे. परत पाठवू का?

उत्तर: एवढ्यात नको. पंखासुद्धा हलत नाही याचा अर्थ एक तर वीज मदरबोर्डपर्यंत पोचत नाही, नाही तर बटणाचा हुकूम पोचत नाही. मदरबोर्ड गेला हे सगळ्यात शेवटी म्हणायचे.

आधी सोपे बघा. भिंतीवरच्या पॉइंटला मोबाइलचा चार्जर लावून वीज आहे ना याची खात्री करा. एसएमपीएसच्या मागे छोटा खटका असतो. त्याची 'आय' बाजू दाबलेली हवी, 'ओ' नको. हा खटका विसरणारे कमी नाहीत. मग २४ पिनांचा मोठा कनेक्टर काढून पुन्हा बसवा. त्याची कडी मदरबोर्डवरच्या नाकावर 'टक्' करून अडकली पाहिजे. नव्या बोर्डावर तो चांगलाच घट्ट जातो आणि बोर्ड वाकेल या भीतीने लोक अर्ध्यावर सोडतात. बोर्डाला खालून एका हाताने आधार द्या आणि दाबा.

आता बटणाची वायर. कॅबिनेटच्या पुढच्या भागातून येणाऱ्या बारीक वायरी मदरबोर्डच्या खालच्या कोपऱ्यातल्या पिनांच्या गठ्ठ्यावर जातात. पॉवर स्विचची वायर एक घर बाजूला गेली की बटण मुके होते. बटणाच्या वायरीला उलटसुलट चालते, दिव्यांच्या वायरींना चालत नाही. पुस्तिकेत पाहून पॉवर स्विचच्या दोन पिना नक्की करा, कॅबिनेटची वायर काढा आणि स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने त्या दोन पिना क्षणभर एकमेकींना टेकवा. संगणक सुरू झाला तर दोष कॅबिनेटच्या बटणात किंवा त्याच्या वायरीत. मदरबोर्डला बोल लावायचे कारणच उरत नाही.

तरीही काही नाही? मग एसएमपीएस एकटा तपासा. भिंतीवरची पिन काढा, त्याच्या सगळ्या केबली मदरबोर्डवरून आणि ग्राफिक्स कार्डावरून सोडवा. २४ पिनांच्या कनेक्टरमध्ये १६ क्रमांकाची पिन (जुन्या केबलीत हिरवी वायर) आणि तिच्या शेजारची काळी, म्हणजे १५ किंवा १७, कागदाच्या क्लिपने जोडा. हल्ली सगळ्याच वायरी काळ्या येतात, म्हणून रंगावर जाऊ नका. कडीच्या बाजूची ओळ, एका टोकाकडून चौथी पिन; ते टोक कोणते हे आकृती पाहूनच ठरवा. भार म्हणून कॅबिनेटचा एक पंखा एसएमपीएसच्या केबलीला लावा, कारण काही एसएमपीएसचा स्वतःचा पंखा भार कमी असला की फिरतच नाही. मग पिन लावून खटका चालू करा. तो पंखा फिरला तर एसएमपीएस निदान जागा आहे. मल्टिमीटर असेल तर पिवळ्या वायरीवर ११.४ ते १२.६ व्होल्ट आणि लालवर ४.७५ ते ५.२५ व्होल्ट मिळायला हवेत. नवव्या पिनेवर (जुन्या केबलीत जांभळी) ५ व्होल्ट नुसता खटका चालू असताना, क्लिप न लावताही मिळतात. तेही नसतील तर एसएमपीएस परत करा. तो उघडून बघायचा मोह मात्र आवरा; आतले मोठे कपॅसिटर पिन काढल्यावरही वीज धरून असतात.

केबली सुट्या निघणारा एसएमपीएस असेल आणि त्यात जुन्या एसएमपीएसच्या केबली वापरल्या असतील, तर काम इथेच थांबवा. एसएमपीएसकडच्या टोकाची पिनांची मांडणी कंपनीगणिक बदलते. केबल बसते म्हणजे ती जुळते असे नाही, आणि अशाने हार्डडिस्क जळालेल्या आहेत.

प्रश्न (म्हापसा): आय५ १३४००एफ, एच६१० बोर्ड आणि वेगळे ग्राफिक्स कार्ड आहे. पंखे फिरतात, दिवे लागतात, पण मॉनिटर 'नो सिग्नल' दाखवतो.

उत्तर: एचडीएमआय केबल कुठे लावली आहे? मॉडेलच्या शेवटी 'एफ' असलेल्या इंटेल प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स नसते, त्यामुळे मदरबोर्डच्या मागचे एचडीएमआय तोंड तुमच्याकडे नुसते शोभेचे. केबल कार्डाला लावा. कार्डाला वेगळी वीज लागत असेल तर तीही द्या. इथे एक घोळ नेहमीचा आहे: प्रोसेसरची आठ पिनांची केबल ४+४ अशी फुटते, कार्डाची ६+२ अशी. दोन्हींच्या खाचा वेगळ्या. जोर लावावा लागला तर समजा केबल चुकली. प्रोसेसरची केबल बोर्डाच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात जाते. ती राहिली तरी पंखे मजेत फिरतात आणि पडदा काळाच राहतो.

हे सगळे बरोबर असूनही पडदा काळा असेल, तर संशय बायोसवर, म्हणजे संगणक सुरू करणाऱ्या बोर्डातल्या प्रोग्रॅमवर, घ्या. एच६१० बोर्ड २०२२ च्या सुरुवातीला बाजारात आले, तेराव्या पिढीचे प्रोसेसर त्याच वर्षी ऑक्टोबरपासून. दुकानात बरेच दिवस पडून राहिलेल्या बोर्डात जुने बायोस असले तर त्याला हा प्रोसेसर ओळखू येत नाही. बोर्डावर बायोस फ्लॅशबॅकचे बटण असेल तर प्रोसेसरशिवायही पेनड्राइव्हवरून बायोस बदलता येते. पेनड्राइव्ह एफएटी३२ मध्ये फॉरमॅट करा, फाइलला कंपनीने सांगितलेलेच नाव द्या आणि ठरलेल्या यूएसबी तोंडात लावा. स्वस्त एच६१० बोर्डांवर हे बटण बहुधा नसते. मग बाराव्या पिढीचा प्रोसेसर तात्पुरता बसवून बायोस बदलून देणारे दुकान गाठा. बोर्ड जिथून घेतला तिथेच आधी विचारा.

प्रश्न (डिचोली): रायझन ५ ७६०० आणि डीडीआर५ रॅम. सुरू केल्यावर बोर्डावरचा 'डीरॅम'चा दिवा लागून राहतो, पडदा काळा. मिनिटभर थांबून बंद करते, पुन्हा लावते, तेच. दोनदा रॅम बदलून आणली.

उत्तर: रॅम बिचारी चांगली असण्याची शक्यता जास्त. या पिढीच्या बोर्डांना पहिल्यांदा सुरू होताना रॅमशी जुळवून घ्यायला काही मिनिटे लागतात. तुम्ही मिनिटाने वीज तोडता, म्हणून ते काम दर वेळी पहिल्यापासून सुरू होते. दोन्ही रॅम प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत बसवा, सुरू करा आणि पंधरा मिनिटे हात लावू नका. मधे एकदोनदा आपोआप बंद-चालू झाले तरी चालेल. तरीही दिवा तसाच राहिला, तर एकच रॅम दुसऱ्या खाचेत ठेवून हेच करा. रॅमचा वेग वाढवणारे एक्सपो बायोसमध्ये लगेच चालू करू नका. आधी विंडोज बसू द्या.

प्रश्न (काणकोण): मायक्रो एटीएक्स (छोट्या आकाराचा) बोर्ड मोठ्या कॅबिनेटमध्ये बसवला आहे. बटण दाबले की पंखा एक गिरकी घेतो आणि सगळे बंद.

उत्तर: अर्धी गिरकी घेऊन बंद पडणे हे बहुतेक वेळा शॉर्टचे लक्षण. एसएमपीएस स्वतःला आणि तुमच्या बोर्डाला वाचवतो आहे. पत्रात तुम्ही बोर्ड छोटा आणि कॅबिनेट मोठे असे लिहिले आहे, तिथेच पाणी मुरते आहे. कॅबिनेटच्या पत्र्यावर पितळी बुटके बोल्ट असतात, बोर्ड त्यांच्यावर टेकतो. पूर्ण एटीएक्स बोर्डासाठी ते नऊ असतात आणि बरीच कॅबिनेटे ते आधीच बसवून देतात. मायक्रो एटीएक्सला बहुधा आठ किंवा सहा पुरतात, जागाही थोड्या वेगळ्या. बोर्डाला जिथे भोक नाही तिथे एखादा पितळी बोल्ट राहिला, तर तो खालून डाग दिलेल्या टोकांना टेकतो. बोर्ड काढा, पाठ बॅटरीच्या उजेडात तिरकी धरून बघा. टेकलेल्या जागी बारीक गोल ओरखडा दिसतो. जास्तीचा बोल्ट पान्याने काढून टाका.

बोर्ड बाहेर काढलाच आहे तर तो ज्या खोक्यात आला त्या पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवा. चंदेरी पिशवीवर नको, तिच्यात धातूचा थर असतो. प्रोसेसर, त्याचा कूलर, एक रॅम, २४ पिनांची आणि प्रोसेसरची केबल, बस्स. ग्राफिक्स कार्ड, हार्डडिस्क, यूएसबी काहीही नाही. कूलरचा पंखा 'सीपीयू फॅन' लिहिलेल्या पिनांवरच लावा. स्क्रूड्रायव्हरने दोन पिना टेकवून सुरू करा. बाहेर चालले आणि आत चालत नसेल, तर चोर कॅबिनेटमध्येच. बाहेरही तसेच झाले, तर दुसरा एसएमपीएस लावून पाहा; मग सॉकेटकडे, म्हणजे प्रोसेसर बसतो त्या जागेकडे, वळा. एका वेळी एकच गोष्ट बदला. तीन गोष्टी एकदम बदलून संगणक चालला तर नेमके काय चुकले होते ते कळतच नाही, आणि महिन्याभराने तेच पुन्हा समोर येते.

प्रश्न (वाळपई): संगणक चालतो, पण कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात. कधी कधी सुरूच होत नाही, पिन काढून लावली की होतो. घर जुने आहे.

उत्तर: हा प्रश्न संगणकाचा कमी आणि घराच्या वायरिंगचा जास्त आहे. एसएमपीएसच्या आत शिरणाऱ्या विजेतला गोंगाट गाळायला बारीक कपॅसिटर असतात. ते थोडी वीज पत्र्याकडे आणि तिथून अर्थिंगकडे सोडतात. अर्थिंग नसेल तर ती जायला वाट राहत नाही आणि कॅबिनेट साधारण निम्म्या व्होल्टेजवर तरंगते. करंट फार कमी असतो, म्हणून नुसत्या झिणझिण्या, पण दुर्लक्ष करायचे हे कारण नव्हे. त्याच वाटेने उद्या खरा करंट आला तर फ्यूज उडणार नाही.

जुन्या चिरेबंदी घरांत तीन भोकांचा पॉइंट दिसतो, पण तिसऱ्या भोकामागे तार नसते. इलेक्ट्रिशियनकडून मल्टिमीटरने तपासून घ्या: फेज आणि न्यूट्रल यांच्यात २३० च्या आसपास, फेज आणि अर्थ यांच्यातही जवळपास तेवढेच, न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात अगदी थोडे. फेज-अर्थचा आकडा मधेच लटकत असेल तर अर्थिंग नावालाच आहे. अंगणातला अर्थिंगचा खड्डा असेल तर तोही बघायला सांगा. आपल्या चिऱ्याच्या जमिनीत मार्च ते मे तो कोरडा पडतो आणि त्यात पाणी घालावे लागते. अर्थिंगशिवाय घेतलेल्या स्पाइक गार्डवर फारशी भिस्त ठेवू नका. ऑक्टोबरात गडगडाट सुरू झाला की नुसता स्विच बंद करू नका, भिंतीतून पिन उपटा, राउटरची सुद्धा.

मधेच सुरू न होण्याचे म्हणाल तर, एसएमपीएसने स्वतःला कुलूप लावले की ते वीज पूर्ण तोडल्यावरच उघडते. पिन काढून लावल्यावर संगणक चालतो तो यामुळे. आधी अर्थिंग आणि व्होल्टेज ठीक करा. त्यानंतरही तेच झाले तर एसएमपीएस बदला. इन्व्हर्टरवर चालवत असाल तर तो साइन वेव्हचा आहे का ते पाहा. चौकोनी लहरीवर काही एसएमपीएस रुसतात.

प्रश्न (पेडणे): एक रॅम लावली तर चालते, दोन लावल्या की नाही. खोडरबराने घासल्या, उपयोग नाही.

उत्तर: नव्या रॅमला खोडरबर लावू नका, सोन्याचा मुलामा आधीच पातळ असतो. प्रत्येक रॅम एकटी, एकाच खाचेत लावून पाहा. दोन्ही चालल्या तर आता एकच रॅम दुसऱ्या जोडीच्या खाचेत लावा. तिथे कोणतीच चालत नसेल तर कूलरचे स्क्रू अर्धा फेरा सैल करा. एका बाजूने जास्त आवळलेला कूलर प्रोसेसरला तिरका दाबतो आणि एक चॅनल, म्हणजे एका जोडीच्या खाचांपर्यंतची वाट, तुटतो. त्यानेही झाले नाही तर प्रोसेसर काढून सॉकेटमधल्या पिना भिंगातून बघा. सगळ्या एका रेषेत चमकायला हव्यात. वाकलेली एक पिन वेगळी चमकते. ती सरळ करायला सुई लावण्याआधी फोटो काढून दुकानदाराला पाठवा. आधी हात लावला तर वॉरंटीवर वाद होतो.